जुना कॅमेरा आणि नवें भिंग

यंत्रांच्या जगांत जुनें जातें व नवें येतें, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कांहीं जुन्या वस्तु पुरत्या जात नाहींत. त्या कपाटांत पडून राहतात, आणि एक पिढी लोटल्यावर कोणाच्या तरी हातीं पुन्हां लागतात. फिल्मवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची आज अशीच गोष्ट झाली आहे. सुमारें १९९० पासून २००५ पर्यंत जपानी कारखान्यांनीं आपोआप फोकस साधणारे, लहानखुरे व हलके असे एस. एल. आर. कॅमेरे मोठ्या संख्येनें बाजारांत आणले. कॅननचे ईओएस ५०० व ईओएस ३००, निकॉनचे एफ ६५ व एफ ७५, मिनोल्टाचा डायनॅक्स ५, पेंटॅक्सचा एमझेड ५ हीं त्यांतील परिचित नांवें. पुढें डिजिटल कॅमेरा आला आणि या यंत्रांना कोणी विचारीनासें झालें. आतां फिल्मची गोडी लागलेले तरुण तेच कॅमेरे जुन्या बाजारांतून अल्प किमतीस घेऊं लागले आहेत. कित्येकांना तर ते घरांतील माळ्यावरच सांपडतात.

अशा माणसाच्या पेटींत बहुधा एखादा डिजिटल एस. एल. आर. व त्याचीं दोनतीन चांगलीं भिंगेंहि असतात. मग सहजच प्रश्न उभा राहतो कीं, डिजिटल काळासाठीं बनविलेलें भिंग या जुन्या कॅमेऱ्यास चालेल काय? याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. कांहीं भिंगें पूर्णपणें चालतात, कांहीं अंशतः चालतात, आणि कांहीं मुळींच चालत नाहींत. यांपैकीं सर्वांत घातक प्रकार मधला होय. जें भिंग बसतच नाहीं, तें कोणाचें नुकसान करीत नाहीं. परंतु जें बसतें, फोकसहि करतें, शटरचा आवाजहि ज्याच्यासह ठीक येतो, आणि तरीहि आंत चित्र बिघडत असतें, तें भिंग माणसास फसवितें. डिजिटल कॅमेऱ्यांत चूक तत्क्षणीं पडद्यावर दिसते. फिल्मवरील चूक रोल धुऊन आल्यावर दिसते. तोंवर ३६ चित्रें वायां गेलेलीं असतात, आणि ज्या प्रसंगासाठीं तीं घेतलीं तो प्रसंगहि संपलेला असतो. बारसें दुसऱ्यांदां होत नाहीं, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनास जमलेलीं माणसें तशींच पुन्हां जमत नाहींत. शिवाय फिल्मचा रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन यांचा खर्चहि आतां थोडा राहिलेला नाहीं. म्हणून या विषयाचीं मूलतत्त्वें आधीं समजून घेणें इष्ट आहे.

एस. एल. आर. म्हणजे एकाच भिंगांतून पाहण्याचें व चित्र घेण्याचें काम करणारा, आरशाचा कॅमेरा. भिंगांतून आलेला प्रकाश फिल्मपुढें तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जातो, आणि पंचकोनी लोलकांतून किंवा स्वस्त कॅमेऱ्यांत लहान आरशांच्या जोडणींतून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें, आणि तोच प्रकाश फिल्मवर पडतो. अशा कॅमेऱ्याचें भिंग काढतां व बदलतां येतें. मात्र भिंग आणि कॅमेरा यांचें जमण्यासाठीं तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, भिंगापासून फिल्मपर्यंतचें अंतर. दुसरी, भिंगानें पाडलेल्या प्रतिमेचें वर्तुळ. आणि तिसरी, कॅमेऱ्यानें भिंगास द्यावयाच्या आज्ञा.

प्रथम अंतराचा विचार करूं. भिंग ज्या धातूच्या कड्यावर बसतें त्यास बैठक म्हणतां येईल. ही बैठक व फिल्म यांमधील अंतर प्रत्येक कारखान्यानें कायमचें ठरवून टाकलेलें असतें. कॅननच्या ईएफ पद्धतींत तें ४४ मिलिमीटर आहे, मिनोल्टाच्या पद्धतींत ४४.५, पेंटॅक्सच्या के पद्धतींत ४५.४६, आणि निकॉनच्या एफ पद्धतींत ४६.५ मिलिमीटर आहे. या जागेंत आरसा हलावयाचा असल्यामुळें हें अंतर फारसें कमी करतां येत नाहीं. उलट ज्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांत आरसाच नाहीं, त्यांत तें पुष्कळ कमी असतें. सोनीच्या ई पद्धतींत तें १८ मिलिमीटर आहे. २०१८ सालीं आलेल्या निकॉनच्या झेड पद्धतींत १६ व कॅननच्या आरएफ पद्धतींत २० मिलिमीटर आहे. अशा कॅमेऱ्याचें भिंग आपली प्रतिमा फार जवळ पाडतें. तें जुन्या फिल्म कॅमेऱ्यापुढें धरलें तर दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मच्या पुष्कळ अलीकडेच पडेल, आणि चित्र अस्पष्ट येईल. मध्यें कडें घालून अंतर वाढवितां येतें. कमी करण्याचा साधा उपाय नाहीं. यास्तव आरसाविरहित कॅमेऱ्याचीं भिंगें, तीं कितीहि उत्तम असोत, या कामीं निरुपयोगी ठरतात. येथें ज्या भिंगांचा विचार करावयाचा, तीं डिजिटल एस. एल. आर. साठीं बनविलेलीं. पुष्कळ छायाचित्रकार आरसाविरहित पद्धतीकडे वळल्यामुळें तींच आज जुन्या बाजारांत तुलनेनें स्वस्त मिळतात, हा एक लाभच म्हणावयाचा.

दुसरी गोष्ट प्रतिमेच्या वर्तुळाची. भिंग गोल असतें, म्हणून त्याची प्रतिमाहि गोल पडते, आणि त्या वर्तुळांतून चित्राचा आयत घेतला जातो. फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतें. त्याचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर भरतो. म्हणजे वर्तुळाचा व्यास निदान तेवढा हवा. परंतु बहुसंख्य स्वस्त डिजिटल एस. एल. आर. कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहक पृष्ठ याहून लहान असतें, आणि त्याचा कर्ण अवघा २७ ते २९ मिलिमीटर असतो. त्यांच्यासाठीं बनविलेल्या भिंगांचें वर्तुळहि तेवढेंच लहान ठेवलेलें असतें. त्यामुळें भिंग हलकें व स्वस्त होतें. असें भिंग फिल्म कॅमेऱ्यावर लावलें, तर मध्यें चित्र आणि चारी कोपऱ्यांत अंधार, असा प्रकार होतो. निकॉनच्या अशा भिंगांवर डीएक्स हीं अक्षरें असतात, सोनीच्या भिंगांवर डीटी, आणि पेंटॅक्सच्या नांवांत डीए. कॅननच्या अशा भिंगांस ईएफ-एस म्हणतात. २००३ सालीं तीं निघालीं तेव्हां कॅननने एक खबरदारी घेतली: हीं भिंगें फिल्म कॅमेऱ्यावर बसूंच नयेत अशी त्यांच्या बैठकीची रचना केली, कारण त्यांचा मागचा भाग आंत अधिक शिरतो आणि मोठ्या आरशाचा त्यास धक्का लागण्याचा संभव असतो. ओळखण्याची खूणहि सोपी आहे. ईएफ भिंगाच्या कडेवर तांबडा ठिपका असतो, आणि ईएफ-एस भिंगावर पांढरा चौकोन. निकॉनचीं डीएक्स भिंगें मात्र फिल्म कॅमेऱ्यावर बिनतक्रार बसतात. म्हणून तेथें अक्षरें वाचून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच पडते.

या बाबतींत व्ह्यूफाइंडरवर विसंबून राहणें धोक्याचें आहे. लहान कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्यें प्रत्यक्ष चित्राचा सुमारें ९० टक्केच भाग दिसतो. कोपऱ्यांतील अंधाराचा कांहीं अंश त्या न दिसणाऱ्या पट्ट्यांत लपून राहूं शकतो. शिवाय पाहतांना भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें असतें, आणि चित्र घेतांना तें आकुंचित होतें. छिद्र लहान झालें कीं अंधाराची कडा अधिक ठळक होते. डोळ्यास जी सौम्य सांवली वाटली, तीच फिल्मवर काळ्या कमानीसारखी उमटते.

तिसरी गोष्ट आज्ञांची. आणि खरी गुंतागुंत येथेंच आहे. फोकस साधावयाचा, तर भिंगाचे भाग पुढेंमागें सरकले पाहिजेत. प्रकाश मोजून घ्यावयाचा, तर छिद्र ठराविक आकारापर्यंत मिटलें पाहिजे. हीं दोन्ही कामें कोण करतें, कॅमेऱ्यांतील यंत्र कीं भिंगांतील यंत्र, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे.

आपोआप फोकस साधणारा ३५ मिलिमीटर फिल्मचा पहिला एस. एल. आर. पेंटॅक्सनें १९८१ सालीं काढला. त्याचें नांव एमई-एफ. पण तो मंद होता आणि त्याच्यासाठीं विशेष भिंग एकच होतें. खरें यश १९८५ मध्यें मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्यास आलें. पुढील वर्षीं निकॉनचा एफ ५०१ आला, आणि १९८७ मध्यें कॅननचा ईओएस ६५०. या सर्वांतील तत्त्व थोडक्यांत असें आहे. मुख्य आरशाचा मधला भाग किंचित पारदर्शक असतो. त्यांतून गेलेला थोडा प्रकाश मागील लहान आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशीं पोंचतो. तेथें भिंगाच्या एका बाजूनें आलेला प्रकाश व दुसऱ्या बाजूनें आलेला प्रकाश यांच्या दोन वेगळ्या प्रतिमा पाडल्या जातात. दोहोंमधील अंतर ठराविक असेल तर फोकस बरोबर. कमी वा अधिक असेल तर भिंग कोणत्या दिशेस आणि किती फिरवावयाचें हें यंत्रास एकदम समजतें. माणसाचे दोन डोळे अंतर जोखतात, त्यांतील कांहीं अंश या युक्तींत आहे. मात्र दोन्ही बाजूंचा प्रकाश पोंचण्यासाठीं भिंगाचें छिद्र पुरेसें मोठें लागतें. हे लहान कॅमेरे बहुधा एफ ५.६ पर्यंतच्या भिंगांसाठीं बनविलेले आहेत. त्याहून अंधुक भिंगावर फोकस चांचपडूं लागतो.

फोकस किती सरकवावयाचा हें कळल्यावर भिंग फिरविण्याचे दोन मार्ग होते. मिनोल्टा, निकॉन व पेंटॅक्स यांनीं मोटर कॅमेऱ्यांत ठेवली, आणि बैठकींतून डोकावणाऱ्या एका लहानशा दांड्यानें, स्क्रूड्रायव्हरनें मळसूत्र फिरवावें तसें, भिंग फिरविलें. कॅननने निराळा मार्ग धरला. तिनें प्रत्येक भिंगांत स्वतंत्र मोटर घातली, छिद्र मिटण्यासाठींहि भिंगांतच विद्युत्‌यंत्र बसविलें, आणि कॅमेरा व भिंग यांत दांडा, तरफ असें कांहींच न ठेवतां केवळ विद्युत्‌संपर्काचे बिंदु ठेवले. त्यासाठीं १९७१ पासून चालत आलेली आपली एफडी बैठक तिनें सोडून दिली. ज्यांनीं एफडी भिंगांत आपला पैसा गुंतविला होता, त्या छायाचित्रकारांना हा मोठाच धक्का होता, आणि त्यांचा रोष रास्तहि होता. निकॉननें उलट १९५९ ची एफ बैठक कायम राखली, आणि जुन्या ग्राहकांचा दुवा घेतला.

चाळीस वर्षांनंतर पाहतां या दोन निर्णयांचीं फळें उलटसुलट आलेलीं दिसतात. कॅननने एकदांच सर्व मोडलें, परंतु त्यानंतर मोडण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. १९९९ च्या ईओएस ३०० वर २०१५ सालचें ५० मिलिमीटरचें एफ १.८ एसटीएम भिंग लावलें, तर तें फोकस करतें व छिद्रहि मिटतें. भिंगांतील कंपनिवारणाची सोय, जिला आयएस म्हणतात, तीहि चालते. कारण तिचें सर्व यंत्र भिंगांतच असतें आणि कॅमेऱ्यानें केवळ वीज व आज्ञा पुरवावयाची असते. तांबडा ठिपका असलेलें कॅननचें ईएफ भिंग घेतलें म्हणजे विशेष चिंतेचें कारण राहत नाहीं. दोन लहान सूचना पुरेशा आहेत. एसटीएम भिंगांतील फोकसचें कडें हातानें फिरविलें तरी प्रत्यक्ष काम विजेवर होतें, म्हणून कॅमेरा झोपला असतांना तें कडें फिरवून उपयोग नाहीं. दुसरी गोष्ट वजनाची. ईओएस ३०० चें वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. त्यावर १३० ग्रॅमचें ४० मिलिमीटर एसटीएम भिंग लावल्यास सर्व मिळून अर्धा किलोहि होत नाहीं, आणि तें पिशवींत सहज मावतें. त्यावरच सिग्माचें ८१५ ग्रॅमचें ५० मिलिमीटर एफ १.४ आर्ट भिंग लावलें, तर भार पुढें झुकतो. अशा वेळीं डाव्या हातानें भिंगच धरावें. कॅमेऱ्याच्या बैठकीवर सर्व भार टाकूं नये.

निकॉनची कथा याहून लांब आहे. बैठक एकच राहिली, परंतु तिच्या आड भाषा बदलत गेली. प्रारंभीच्या ऑटोफोकस भिंगांत मोटर नव्हती व छिद्राचें कडें होतें. १९९२ पासून कांहीं मोठ्या भिंगांत, आणि १९९६ पासून एएफ-एस या नांवानें अधिकाधिक भिंगांत, मोटर आली. २००० च्या सुमारास जी प्रकारचीं भिंगें निघालीं. त्यांवरील छिद्राचें कडें काढून टाकण्यांत आलें, व छिद्र किती मिटावयाचें हें कॅमेऱ्यानेंच ठरवावयाचें झालें. त्याच वर्षीं व्हीआर नांवाची कंपनिवारणाची सोय आली. एफ ६५, एफ ७५, एफ ८० व एफ १०० या कॅमेऱ्यांना या तिन्ही गोष्टी कळतात. म्हणून २०११ सालचें ५० मिलिमीटर एफ १.८ जी हें १८५ ग्रॅमचें भिंग एफ ७५ वर उत्तम शोभतें व चालतें. पण त्याच कुटुंबांतील एफ ५५ हा २००२ सालचा स्वस्त कॅमेरा एएफ-एस भिंगावर आपोआप फोकस करीत नाहीं, आणि त्यास व्हीआरहि चालवितां येत नाहीं. दोन्ही कॅमेरे दुकानाच्या काचेआड शेजारीं शेजारीं मांडलेले असले, तर दिसण्यावरून हा भेद कोणाच्याहि ध्यानांत येणार नाहीं. १९९२ च्या एफ ९० वर एएफ-एस भिंग फोकस करतें, परंतु जी भिंग लावल्यास छिद्र स्वतः निवडतां येत नाहीं. पी व एस या दोन रीतींनींच काम भागवावें लागतें.

यापुढील दोन प्रकार मात्र सर्वच जुन्या कॅमेऱ्यांना परके आहेत. पहिला ई प्रकार. छिद्र मिटण्याचें काम आजवर कॅमेऱ्यांतील तरफ करीत असे. ई भिंगांत तें विजेवर होतें. २०१३ नंतर निकॉनच्या मोठ्या व महाग भिंगांत हा प्रकार हळूहळू रूढ झाला. सिग्मा व टॅमरॉन यांनीं निकॉनसाठीं केलेल्या कांहीं नव्या भिंगांतहि तो आहे. फिल्म कॅमेऱ्यावर अशा भिंगाचें छिद्र मिटतच नाहीं. तें पूर्ण उघडेंच राहतें. समजा, भिंग एफ २.८ चें आहे आणि कॅमेऱ्यानें एफ ८ गृहीत धरून शटरचा वेळ ठरविला. प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट होतो, २.८ पासून ८ पर्यंत तीन पायऱ्या आहेत. म्हणजे फिल्मवर हिशेबाच्या आठपट प्रकाश पडेल. रंगीत निगेटिव्ह फिल्म अधिक प्रकाश बराचसा सोसते, तरी आठपट प्रकाशानें तिच्यावरील उजळ भागांचा तपशील जाऊं लागतो. स्लाइडची फिल्म तर पुरती पांढरी पडते. असें भिंग वापरावयाचेंच असेल, तर छिद्र पूर्ण उघडें ठेवूनच वापरावें. दुसरा प्रकार २०१६ पासूनचा एएफ-पी. यांत फोकसची मोटर निराळ्या जातीची असून तिला फिल्मच्या काळांतील कॅमेऱ्याची भाषा समजत नाहीं. हातानें कडें फिरविलें तरीहि फोकस हलत नाहीं, कारण तें कडेंहि विजेवरच चालतें. भिंग बसतें, पण मुकें राहतें.

पेंटॅक्सचा स्वभाव या दोहोंच्या मधला आहे. त्याची के बैठक १९७५ ची. त्याचीं एफए लिमिटेड मालिकेंतील तीन भिंगें, म्हणजे ३१, ४३ व ७७ मिलिमीटरचीं, छिद्राच्या कड्यासह २०२१ मध्यें नव्या लेपासहित पुन्हां काढण्यांत आलीं. त्यांचा फोकस कॅमेऱ्यांतील मोटरवर चालतो, म्हणून तीं जुन्या एमझेड कॅमेऱ्यांस मनापासून मानवतात. परंतु ज्या डिजिटल भिंगांत फोकसची मोटर केवळ भिंगांतच आहे, तीं फिल्म कॅमेऱ्यावर हातानेंच फोकस करावीं लागतात. आणि २०१६ पासून आलेल्या विद्युत्‌छिद्राच्या भिंगांची येथेंहि निकॉनच्या ई भिंगांसारखीच अडचण आहे. मिनोल्टाची बैठक २००६ सालीं सोनीकडे गेली. तेव्हां सोनीचीं ए बैठकीचीं जीं भिंगें पूर्ण आकाराचीं व दांड्यानें फिरणारीं आहेत, तीं मिनोल्टाच्या जुन्या कॅमेऱ्यांवर चालतात. ज्यांत स्वतंत्र मोटर आहे, त्यांच्या बाबतींत कॅमेऱ्याचा नमुना पाहूनच निर्णय करावा. १९९८ च्या डायनॅक्स ९ सारख्या अव्वल कॅमेऱ्यासहि अशा भिंगासाठीं कारखान्याकडून सुधारणा करून घ्यावी लागे, यावरून या भेदाचें महत्त्व कळेल.

इतका खटाटोप करून लाभ काय, असें कोणी विचारील. लाभ आहे, पण तो योग्य मापानें मोजला पाहिजे. नव्या भिंगांची स्पष्टता दाट ग्रहणशील पृष्ठांसाठीं घडविलेली असते. ४०० वेगाच्या फिल्मचे कण तेवढी सूक्ष्मता टिपीत नाहींत. म्हणून केवळ बारीक तपशिलासाठीं महाग भिंग घेणें व्यर्थ होय. परंतु उन्हाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रांत नव्या लेपांचा फरक दिसतो. काळा रंग काळाच राहतो. कंपनिवारणामुळें मंद उजेडांत, तिकटी न लावतां, १/१५ सेकंदावरहि स्थिर वस्तूचें चित्र सांपडूं शकतें. देवळाच्या गाभाऱ्यांत किंवा जुन्या वाड्याच्या ओसरीवर याचें मोल कळतें. आणि ज्याच्याजवळ भिंग आधींच आहे, त्यास केवळ कॅमेऱ्याच्या अल्प किमतींत फिल्मचा अनुभव घेतां येतो, हा लाभ सर्वांत मोठा. एक मर्यादा मात्र ध्यानीं ठेवावी. या लहान कॅमेऱ्यांत भिंगागणिक फोकस सूक्ष्मपणें दुरुस्त करण्याची सोय नाहीं. एफ १.४ वर पापणीऐवजीं कान स्पष्ट आला, तर तें धुलाईनंतरच कळेल. यास्तव महत्त्वाच्या चित्रासाठीं छिद्र एफ २.८ किंवा ४ पर्यंत मिटावें, म्हणजे किंचित चूक झांकली जाते.

आतां परीक्षेची रीत. ही रीत बिनखर्चाची आहे, आणि फिल्म भरण्यापूर्वीं प्रत्येकानें करावी अशी आहे. कॅमेऱ्यांत फिल्म नाहीं याची खात्री करून मागचें दार उघडावें. शटरचा वेळ १ सेकंद व छिद्र एफ १६ असें हातानें लावावें. भिंग उजेडाकडे धरून मागून पाहत बटण दाबावें. शटर उघडेंल त्या सेकंदांत भिंगामध्यें लहानसें छिद्र दिसलें, तर आज्ञा पोंचते आहे. भिंग पूर्ण उघडें दिसलें, तर तें या कॅमेऱ्यावर मिटत नाहीं. मग एफ ४ लावून पुन्हां पाहावें. छिद्र पूर्वींपेक्षां मोठें दिसलें पाहिजे. शटरच्या पापुद्र्यांस बोट लावूं नये. ते अतिशय नाजूक असतात.

वर्तुळाची परीक्षाहि अशीच करतां येते. बटण दाबून धरलें असतां शटर उघडें राहतें, ती बल्ब नांवाची रीत निवडावी. फिल्म ज्या दोन धातूच्या रुळांवर टेकते, त्यांवर ट्रेसिंग कागदाचा ताठ तुकडा, शटर उघडल्यानंतर, हलक्या हातानें टेकवावा. अंधाऱ्या खोलींतून कॅमेरा खिडकीकडे रोखला, म्हणजे बाहेरचें दृश्य कागदावर उलटें उमटतें. चारी कोपरे उजळ असतील तर भिंगाचें वर्तुळ पुरेसें आहे. तें काळे असतील तर चित्रहि तसेंच येईल. छिद्र लहान व मोठें करून दोन्ही वेळां पाहावें. झूम भिंग असेल तर आंखूड व लांब दोन्ही टोकांस पाहावें, कारण कांहीं डीएक्स भिंगें आंखूड टोकास कोपरे काळे करतात आणि थोडें लांबविल्यावर सबंध चित्र भरून काढतात. शटर मिटण्यापूर्वीं कागद काढून घेण्यास विसरूं नये.

या दोन परीक्षांत भिंग उतरलें, म्हणजे फिल्मचा विचार करावा. फिल्मच्या डबीवर काळ्या व चंदेरी चौकोनांची पट्टी असते. १९८३ सालीं कोडॅकनें आणलेली ही डीएक्स खूण वाचून कॅमेरा फिल्मचा वेग आपण होऊन ठरवितो. येथल्या डीएक्सचा निकॉनच्या डीएक्स भिंगांशीं कांहीं संबंध नाहीं. कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांत हा वेग हातानें बदलण्याची सोय नसते. मोठ्या रिळांतून भरलेल्या, खूण नसलेल्या डबीस तो बहुधा १०० वेगाचीच समजतो. अशी ४०० वेगाची फिल्म भरल्यास चौपट प्रकाश पडेल. म्हणून प्रथम खूण असलेली डबीच घ्यावी. बॅटरीहि नवी घालावी. यांतील बहुतेक लहान कॅमेऱ्यांना सीआर २ जातीच्या दोन बॅटऱ्या लागतात; त्या साध्या घड्याळाच्या सेलप्रमाणें कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतीलच असें नाहीं, आणि कंपनिवारण चालू असलें कीं लवकर संपतात. प्रवासास निघतांना एक जोडी अधिक जवळ बाळगावी.

जुना कॅमेरा घेतांना त्याची प्रकृतिहि पाहिली पाहिजे. १९८७ ते १९९० च्या सुमाराच्या ईओएस कॅमेऱ्यांत शटरजवळ फेसाळ रबराचा एक तुकडा असे. तो कालांतरानें विरघळतो आणि शटरच्या पापुद्र्यांवर काळे चिकट डाग पडतात. असे डाग दिसल्यास तो कॅमेरा टाळावा. निकॉनच्या एफ ८० सारख्या कॅमेऱ्यांच्या दारावरील रबरी लेप चिकट होतो. तो दिसावयास वाईट असला तरी चित्रास बाधक नाहीं. कोंकणांत, मुंबईंत व गोव्यांत पावसाळ्यांतील दमट हवेमुळें भिंगाच्या आंत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु वाढतात. जुनें असो वा नवें, भिंग उजेडाकडे धरून आरपार पाहिल्याविना पैसे देऊं नयेत. घरींहि तें कातड्याच्या पिशवींत कोंडून न ठेवतां, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, व अधूनमधून उपयोगांत आणावें.

सारांश, बैठक जुळली म्हणजे जोडी जमली असें नव्हे. दोन यंत्रें एका आकाराच्या दारांतून एकमेकांस भेटतात. पण त्यांची भाषा एक आहे कीं नाहीं, हें निराळें पाहावें लागतें. कारखान्यांनीं आपलें दार ठेविलें कीं बदललें, याचीं कारणें व्यापाराचीं होतीं. त्यांचा परिणाम मात्र आज एखाद्या विद्यार्थ्यास, जमविलेल्या थोड्या रुपयांचा कॅमेरा घेतांना, भोगावा लागतो. त्यानें तीनच प्रश्न विचारावे. भिंग पूर्ण आकाराचें आहे काय? त्याचा फोकस या कॅमेऱ्यावर हलतो काय? त्याचें छिद्र या कॅमेऱ्यावर मिटतें काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तर उघड्या दारांतून स्वतःच्या डोळ्यांनीं मिळवावीं, आणि मगच पहिला रोल भरावा. तो पहिला रोलहि घरच्या अंगणांत, झाडांवर व भिंतींवर खर्चावा, आणि धुऊन आलेला पाहावा. त्यानंतरच तो कॅमेरा कोणाच्या मंगल कार्यास न्यावा.